फुलपाखरांचे निकट छायाचित्रण आणि मराठी नामकरण

पुण्याची सर्वांत जुनी वस्ती म्हणून कसबा पेठेचा निर्देश केला जातो. तेथील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर जे माठारकाम होते, ते दुरून केवळ चकाकीच्या रूपाने जाणवते; ठोक्यांची ओळ पाहावयाची, तर भांडे डोळ्यांजवळ न्यावे लागते. फुलपाखराच्या पंखाची स्थितीही अशीच आहे. पंखावरील रंग म्हणजे कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले होत. लिनियसने या कीटकगणाला दिलेले 'लेपिडॉप्टेरा' हे नाव ग्रीकमधील 'खवला' व 'पंख' या अर्थांच्या दोन शब्दांपासून सिद्ध झाले आहे.

मराठीची दृष्टी मात्र निराळी होती. 'फुलपाखरू' म्हणजे फुलांवरचे पाखरू. 'पतंग' म्हणजे उडत जाणारा. गीतेच्या अकराव्या अध्यायात ज्वालेवर झेपावणारे पतंग आले आहेत. एकाची ओळख फुलावरून, तर दुसऱ्याची दिव्यावरून. दोन्ही शब्द जीवाच्या वर्तनाकडे पाहतात, पंखाकडे नव्हे.

पंखाकडे पाहण्याचे साधन छायाचित्रणाने प्रारंभापासूनच पुरविले. टॅल्बटने 1840 च्या सुमारास सौरसूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कीटकपंखांची छायाचित्रे घेतली. तथापि ते पंख निर्जीव होते. जिवंत, बसलेल्या फुलपाखराचे चित्र हातातील कॅमेऱ्याने घेणे पुढे सुलभ झाले. 1955 मध्ये किलफिटचे 'मॅक्रो-किलार' हे भिंग आले. त्यानंतर विद्युत्प्रकाशझोत व अंकीय कॅमेरा यांनी हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. वस्तू व तिची प्रतिमा समान आकाराची होऊ लागली, की स्पष्टतेची खोली एकदोन मिलिमीटरच उरते. म्हणून मिटलेल्या पंखांना कॅमेरा समांतर धरावा लागतो, आणि साहजिकच पंखाची खालची बाजू ठळकपणे पुढे येते.

नामकरणाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. 'डेलियास युकेरिस' या फुलपाखराला इंग्रजीत बायबलमधील एका राणीचे नाव आहे. मराठीत ते 'हळदीकुंकू'. पिवळ्यावर लाल ठिपक्यांची ही योजना त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूसच असते. नाव येथे बसलेल्या फुलपाखराकडे जवळून पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून आले आहे, आणि ते घरातील तबकाशी जोडलेले आहे.

याउलट 'मॉर्मन' या इंग्रजी नावाचा उगम अमेरिकेतील एका पंथाच्या बहुपत्नीत्वात आहे. 'पॅपिलिओ पॉलिटिस' या जातीत नराचे रूप एक, परंतु माद्यांची रूपे अनेक असतात, म्हणून ते नाव पडले. कसब्यातील एखाद्या गच्चीवर कुंडीत कढीलिंब असला, तर या जातीची मादी तेथे अंडी घालू शकते. तिचे एक रूप 'पॅकलिओप्टा ॲरिस्टोलोकिए' या विषारी जातीची नक्कल करते. उडताना दोघी सारख्याच भासतात. निकट छायाचित्रात मात्र भेद उघड होतो: विषारी जातीचे शरीर लाल, तर नक्कल करणारीचे काळे. जे निश्चित करण्यासाठी पूर्वी जाळे आणि टाचणी लागत असे, ते आता जीव न घेता साधते.

महाराष्ट्राने 2015 मध्ये 'पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर' हे राज्य फुलपाखरू घोषित केले; 'नीलवंत' व 'राणी पाखरू' या नावांनी ते ओळखले जाते. पुढे राज्याच्या जैवविविधता मंडळाने अनेक जातींची मराठी नावे प्रसिद्ध केली. तथापि मंडळाने दिलेले नाव भाषेत रुजतेच असे नव्हे. ते रुजण्यासाठी बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती वस्तू असावी लागते.

येथे छायाचित्राची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. अनेक पतंगांच्या जाती केवळ पंखांवरून ओळखता येत नाहीत; त्यांच्यासाठी शरीररचनेची तपासणी करावीच लागते. शिवाय स्थळ व दिनांक यांवाचून उत्तम छायाचित्रही पुरावा ठरत नाही. ते केवळ शोभेचे चित्र राहते. टाचणीखालच्या जुन्या चिठ्ठीचे महत्त्व टाचणी गेल्यावरही संपलेले नाही. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत असता, कसब्यातील कढीलिंबावर अमुक दिवशी अमुक फुलपाखरू होते, एवढी नोंद जो करील, तो पेठेच्या इतिहासात आणि मराठीच्या शब्दसंग्रहात एकाच वेळी भर घालील.