सी भाषेतील संहितेचे दोषशोधन : शब्दाकडून अर्थाकडे

भारतीय शब्दशास्त्रात वाक्यार्थबोधाची आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशी तीन कारणे सांगितली आहेत. ‘अग्नीने सिंचन करतो’ या वाक्यात विभक्ती बिनचूक आहे, क्रियापदही यथास्थित आहे. तथापि सिंचनाचे साधन होण्याची योग्यता अग्नीच्या ठायी नसल्यामुळे ते वाक्य अप्रमाण ठरते. संगणकाच्या सी भाषेत लिहिलेल्या आज्ञावलींत दडलेले सुरक्षादोष बहुतांशी याच जातीचे असतात. मूळ संहिता चाळून ते हुडकण्याचे जे प्रयत्न गेल्या अर्धशतकात झाले, त्यांचा इतिहास म्हणजे शब्दाकडून अर्थाकडे झालेला प्रवास होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. स्मृतीतील स्थानांना थेट हात घालण्याची मुभा तिने आज्ञावलीकारास दिली, आणि राखून ठेवलेल्या जागेत मजकूर मावतो की नाही हे पाहण्याचे दायित्वही त्याच्यावरच सोपविले. कंपायलर मुख्यत्वे व्याकरण पाहतो. योग्यतेची चौकशी तो क्वचितच करतो. ही उणीव ओळखून त्याच प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास ‘लिंट’ नावाचा परीक्षक रचला. संशयास्पद रचनांकडे तो बोट दाखवी. परंतु त्याचा रोख आज्ञावलीकाराच्या अनवधानावर होता, परक्याच्या दुष्ट हेतूवर नव्हे.

तो हेतू २ नोव्हेंबर १९८८ रोजी प्रकट झाला. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘कृमी’ने इंटरनेटवरील हजारो संगणक जेरीस आणले. त्याच्या प्रवेशाच्या वाटांपैकी एक ‘फिंगर’ सेवेत वापरलेल्या ‘गेट्स’ या फंक्शनमधून जात होती. किती लांबीचा मजकूर स्वीकारावा हे या फंक्शनला सांगण्याची सोयच नव्हती. राखीव जागा ५१२ बाइटांची होती. कृमीने ५३६ बाइट पाठविले. उतू गेलेल्या मजकुराने लगतची स्मृती व्यापली आणि आज्ञावलीचा पुढील मार्गच बदलून टाकला. असे हे ‘गेट्स’ सी भाषेच्या प्रमाणातून वगळले गेले ते मात्र २०११ साली.

पुढे २००० मध्ये ‘आयटीएस-४’ आणि २००१ मध्ये ‘फ्लॉफाइंडर’ व ‘रॅट्स’ ही खास सुरक्षादोषांसाठीची साधने अवतरली. धोकादायक फंक्शनांची सूची बाळगून संहितेत ती नावे शोधावयाची, ही त्यांची मूळ रीत. तिचा उपयोग निर्विवाद आहे. पण तिची मर्यादा भाषाभ्यासकास चटकन उमगावी. जव्हार-मोखाडा भागातील वारली वा कातकरी बोलीची नुसती शब्दसूची करून आणणाऱ्यास त्या बोलीतील वाक्य कळत नाही. तसेच हे आहे. ‘स्ट्रकॉपी’ने ठरीव, आखूड शब्द ऐसपैस जागेत उतरविला तर काहीच बिघडत नाही, तेच फंक्शन परक्याने पाठविलेला मजकूर उतरवू लागले की घात होतो. दोष शब्दात नसतो. तो दोन स्थळांच्या संबंधात असतो.

हा संबंध पाहण्याची रीत वेगळ्याच गरजेतून जन्मली होती. आज्ञावली वेगाने चालावी म्हणून एखादे मूल्य कोठे उपजते व कोठवर पोचते याचा माग घेण्याची एकसूत्री पद्धत गॅरी किल्डॉल यांनी १९७३ मध्ये मांडली. या ‘डेटा-प्रवाह विश्लेषणा’च्या शास्त्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने मोलाची भर घातली. उदय खेडकर व धनंजय ढमढेरे यांचा १९९४ चा निबंध, तसेच खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा २००९ चा ग्रंथ ही त्याची ठळक गमके होत. वेगासाठी घडलेले हे शास्त्र सुरक्षिततेच्याही कामी आले : बाहेरून आलेले मूल्य दूषित मानावयाचे आणि तपासणी न होता ते नाजूक स्थळी पोचते काय, हे पाहावयाचे. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्रात सी संहितेच्या विश्लेषणाची साधने घडली. तेथील ‘व्हेरीॲब्स’ने २०२० च्या आंतरराष्ट्रीय पडताळणी स्पर्धेत एका प्रमुख गटात पहिले स्थान मिळविले.

तथापि या प्रवासाला एक सीमा आहे. आज्ञावलीच्या वर्तनाविषयीचा कोणताही अर्थपूर्ण प्रश्न सर्व आज्ञावलींसाठी यंत्राने अचूक सोडविणे अशक्य आहे, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्येच सिद्ध केले होते. म्हणून प्रत्येक परीक्षकास निरपराध्यावर संशय घेणे किंवा अपराध्यास सोडून देणे, यांपैकी काही ना काही पत्करावे लागते. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला ‘हार्टब्लीड’ दोष ओपनएसएसएलच्या प्रसृत आवृत्तीत दोन वर्षे वावरत होता. पाठविणाऱ्याने सांगितलेली मजकुराची लांबी पडताळून न पाहताच स्वीकारली जाई, आणि एका विनंतीसरशी ६४ किलोबाइटपर्यंत खाजगी स्मृती परक्याच्या हाती पडे. तत्कालीन प्रमुख विश्लेषकांच्या नजरेतून तो निसटला. पुढे नव्या चाचणी-साधनावर काम करणाऱ्या कोडेनोमिकॉनच्या अभियंत्यांना तो आढळला; आणि स्वतंत्रपणे, संहिता ओळीओळीने वाचणाऱ्या गूगलच्या नील मेहता यांनाही.

या इतिहासातून यंत्रांची अवहेलना करावयाची नाही. सूची आणि प्रवाह-विश्लेषण यांवाचून लक्षावधी ओळींचा पसारा आज कोणासही आवरणार नाही. मात्र परीक्षकाने ‘दोष आढळला नाही’ असे म्हटले, तर ‘दोष नाही’ असे आपण वाचता कामा नये. या दोन वाक्यांतील भेद जाणणे हा वाचनाचाच धर्म होय, आणि ते वाचन शिकविण्याचे दायित्व विद्यापीठांना टाळता येणार नाही.