फुलदाणीतलं पाणी

'फुलदाणी' हा शब्द जरा निरखून बघा. फूल आपलं, 'दाणी' फारसीतून आलेली. अत्तरदाणी, पिकदाणी, गुलाबदाणी ही सगळी त्याच घरातली भावंडं. आणि 'गुलाब' तर मुळात फुलाचं नावच नव्हे! गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. पाण्याचं नाव आपण फुलाला देऊन टाकलं आणि मग पंचाईत झाली म्हणून पुन्हा 'गुलाबपाणी' म्हणायला लागलो. असो.

शब्द होता म्हणून वस्तूही घरात होती असं मात्र नाही. शिरगावच्या आमच्या जुन्या घरात परडी होती, फुलदाणी नव्हती. आजी पहाटे फुलं खुडायची, ओल्या फडक्यात गुंडाळून वर केळीचं पान ठेवायची. तिचं शास्त्र सोपं होतं. ताजं म्हणजे आजचं. बेल आणि तुळस तेवढी शिळी होत नाही, बाकी सगळ्याचं दुसऱ्या दिवशी निर्माल्य. देठासकट तोडून, नुसतं बघायला म्हणून फूल आठ दिवस पाण्यात उभं करणं तिला उधळपट्टीच वाटायची. "देवालाही नाही, डोक्यातही नाही, मग तोडलं कशाला?" याला आजतागायत मला उत्तर सापडलेलं नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे पूर्णघट होता की! होता ना. इथून जवळच कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबच्या खांब दगडी घटांत उभे आहेत, आणि सांचीला तर घटातून कमळं बाहेर आलेली दिसतात. पण ते मंगलचिन्ह. दिवाणखान्यातलं टेबल आणि त्यावरची फुलदाणी ही जोडी माझ्या मते साहेबाच्या बंगल्यातून आपल्याकडे आली. पुण्याचं एम्प्रेस गार्डन सांभाळणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची आहे. तिच्या पुष्पप्रदर्शनात पुष्परचना बघायला आजही गर्दी होते.

फूल कोमेजतं का, याचा एक धागा सापडला तो दिव्याच्या गॅसमुळे. हरितगृहात गॅस गळला की कार्नेशनची फुलं मिटायची. १९०८ साली शिकागोत क्रॉकर आणि नाइट यांनी दाखवलं की दोष त्यातल्या इथिलीनचा. पुढे १९३४ साली गेन यांनी सिद्ध केलं की पिकणारी फळं हाच वायू स्वतः सोडतात. म्हणजे आंब्याची आढी घातलेल्या खोलीत फुलदाणी ठेवू नये, एवढं तरी आपल्या घरापर्यंत पोचायला हरकत नाही.

हे ज्ञान आमच्या मावळात पोचलं ते मात्र व्यापारातून. १९८८ चं बियाणे धोरण आलं, पाठोपाठ १९९१ चं उदारीकरण, आणि भाताच्या खाचरांशेजारी पॉलिहाऊसं दिसू लागली. तळेगावात फ्लोरिकल्चर पार्क झालं, पवनेच्या खोऱ्यातला डच गुलाब चौदा फेब्रुवारीसाठी परदेशी जाऊ लागला. आमची आत्या अशाच एका शेडमध्ये कामाला लागली. फुलं निवडायची, वीस-वीसची जुडी बांधायची.

फुलदाणीचं सगळं शास्त्र मी आत्याकडून शिकलो. कळी अजून घट्ट असतानाच कापायची आणि लगेच बादलीत. कापलेला देठ कोरडा राहिला तर हवा ओढतो आणि पाण्याची वाट तुटते. म्हणून घरी आणल्यावर टोक पुन्हा बोटाच्या एका पेराएवढं तिरकं कापायचं, तेही पाण्याखाली धरून. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, नाहीतर ती कुजतात, जंतू वाढतात आणि देठाच्या नळ्या बुजतात. मग वरून फूल टवटवीत दिसत असतानाच मान टाकतं. 'मान टाकणं' हा तिचा शब्द. इंग्रजी पुस्तकात नंतर वाचलं, तिथेही त्याला वाकलेली मानच म्हणतात! पाणी रोज बदलायचं. जरबेराला मात्र चार बोटंच पाणी, त्याचा केसाळ देठ फार बुडला की कुजतो.

एवढं सगळं येत असूनही आत्याच्या घरात कधी फूल नसायचं. दिवसभर बघून पोट भरतं, म्हणायची.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी टाळेबंदी सुरू झाली. बाजार बंद, गाड्या बंद. झाडाला कुठे कळतंय? गुलाब फुलतच राहिले, आणि फुलं कापली नाहीत तर झाड बिघडतं, म्हणून कापून उकिरड्यावर टाकावी लागत होती. आत्याला हजेरी नव्हती. एका संध्याकाळी ती पदरात मावतील तेवढे लाल गुलाब घेऊन आमच्याकडे आली आणि काही न बोलता एकेक देठ परातीतल्या पाण्याखाली धरून कापत बसली. मग ते सगळे स्टीलच्या कळशीत उभे केले.

आजी रोज सकाळी कळशीजवळ जाऊन बघायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "अजून आहेत गं." सातव्या दिवशी तिने स्वतः पाणी बदललं. देवाला मात्र त्यातलं एकही वाहिलं नाही. दहाव्या दिवशी पाकळ्या गळायला लागल्या, तेव्हा तिनेच त्या गोळा करून तुळशीच्या आळ्यात घातल्या.

आत्याला कामावर परत बोलावलं ते जुलैत. तेही अर्ध्याच बायकांना.