फोन आपला, पण ॲप कुणाचं?

पापडीत कुठल्याही दुकानातून अँड्रॉइड फोन घ्या, गुगल सर्च, क्रोम, यूट्यूब आधीच बसलेलं. हा खेळ जुनाच. विंडोजसोबत एक्सप्लोरर गळ्यात मारतात म्हणून अमेरिकेने १९९८ साली मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं होतं. आपल्याकडे गुगलविरुद्धच्या तक्रारदारांत कायद्याचा एक विद्यार्थी होता, हे विशेष! २० ऑक्टोबर २०२२ ला स्पर्धा आयोगाने १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. बातम्या दंडाच्याच झाल्या. खरी गोष्ट पुढे आहे. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण दहापैकी चार आदेश रद्द केले. त्यातला एक आपल्या कामाचा होता: ही ॲप्स ग्राहकाला काढून टाकता आली पाहिजेत. आता सेटिंग्जमध्ये जाऊन क्रोम उघडून बघा. बहुतेक फोनवर 'अनइन्स्टॉल' नाहीच, नुसतं 'डिसेबल'.