विलांद्री : एका फ्रेंच वाड्याची खरेदी

फ्रान्समधील घरविक्रीच्या जाहिरातींत एक मजकूर वारंवार आढळतो. खेड्याजवळचें मोठें जुनें घर, नुकतेंच पूर्णपणें दुरुस्त केलेलें, भोंवतीं बाग, आवारांत पाहुण्यांकरितां दोनचार छोटीं घरें, विकणें आहे. वाचणाऱ्याला नवल वाटतें तें पाहुण्यांच्या कलमाचें. पाहुण्यांसाठीं वेगळीं घरें राखण्याइतकी ज्याची ऐपत, तो घर विकावयास काढील कशाला? परंतु हे पाहुणे सोयरेधायरे नव्हेत. ते भाडें भरून राहतात, आणि पुष्कळदां त्यांच्याच पैशावर मोठ्या घराचें छप्पर टिकून असतें. अमीरउमरावांचें घर परक्यांच्या पैशावर कसें जगूं लागलें, हें समजून घेण्यास विलांद्री या एका घराची हकीकत पुरेशी आहे.

विलांद्री हें गांव तूर शहराच्या पश्चिमेस, सुमारें १५ किलोमीटरांवर आहे. शेर नदी ल्वार नदीला मिळते तें ठिकाण तेथून जवळच. गांवाचें जुनें नांव कोलोंबिए. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री यानें फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याच्यापुढें हार खाऊन ४ जुलै ११८९ रोजीं तह केला तो येथें. पुढें दोनच दिवसांनीं हेन्री वारला. त्या काळच्या गढीचा एक बुरूज तेवढा आज उभा आहे. बाकीची गढी सोळाव्या शतकांत जां ल ब्रतों यानें पाडली. हा पहिल्या फ्रांस्वा राजाच्या खजिन्याचा अधिकारी. शांबोर येथील राजाच्या प्रचंड वाड्याच्या बांधकामावर त्यानें देखरेख केली होती. राजाचें घर बांधतां बांधतां आपलेंहि एक असावें असें कारभाऱ्याला वाटणें स्वाभाविक होतें. १५३० नंतरच्या दशकांत त्यानें बुरजाच्या अंगानें तीन बाजूंचा, मध्यें चौक असलेला, सुबक वाडा उभारला. फ्रेंच लोक अशा घराला ‘शातो’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ किल्ला. परंतु येथें तटबंदीचा केवळ आभास राहिला होता, आणि खंदक शत्रूसाठीं नसून शोभेसाठीं होता.

१७५४ मध्यें हें घर कास्तेलान या सरदाराकडे गेलें. त्यानें तें आपल्या काळाच्या आवडीप्रमाणें सुधारलें: भिंतींचें रूप पालटलें, आणि पुढच्या अंगणाच्या दोहों बाजूंस नोकरचाकर, घोडे व गाड्या यांसाठीं नव्या इमारती बांधल्या. या दुय्यम इमारती ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. तबेले, कबुतरखाने, भट्टीघर, माळ्याची खोली, हीं सर्व मोठ्या घराचीं आश्रित घरें. मोठें घर तीं पोसत असे. पुढें उलट होण्याची वेळ यावयाची होती.

राज्यक्रांतींत विलांद्री जप्त झालें. नंतर नेपोलियननें तें आपला भाऊ जेरोम याच्यासाठीं घेतलें. त्यानंतरच्या धनिकांनीं एकोणिसाव्या शतकांत जुनी बाग मोडून इंग्रजी पद्धतीचें उद्यान केलें. वाड्याच्या पायथ्याशीं हिरवळ आणि मोठालीं झाडें आलीं.

येथपर्यंतची कथा मालकांच्या हौसेची आहे. यापुढची जमाखर्चाची आहे. असलीं घरें जमिनीच्या उत्पन्नावर चालत. राज्यक्रांतीनें सरंजामी हक्क रद्द केले. थोरल्या मुलाचा विशेष हक्कहि तिनेंच संपवला, आणि १८०४ च्या दिवाणी कायद्यानें सर्व मुलांची वांटणी कायम केली. जमीन वांटतां येते. पण दीडशें खिडक्यांचें घर वांटावें कसें? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फिलॉक्सेरा नांवाच्या कीटकानें द्राक्षमळे उध्वस्त केले, धान्याचे भाव उतरले, खंड घटले. छपरावरचे दगडी पत्रे मात्र दर हिवाळ्यांत सुटतच होते. तेव्हां वारसांनीं घरें विकावयास काढलीं, आणि गिऱ्हाईक मिळेना तेव्हां तुकड्यांनीं विकलीं. दक्षिणेकडील मोंताल येथील शातो १८८० च्या सुमारास एका सट्टेवाल्यानें घेतला आणि कोरीव दगड, पुतळे, खिडक्यांवरील नक्षी उचकटून विकून टाकली. १९०८ मध्यें तेलाच्या व्यापारांत धनाढ्य झालेला मोरिस फनाय यानें तें ओकेंबोकें घर विकत घेतलें, विखुरलेले तुकडे शोधून बरेचसे परत आणवले, जागच्या जागीं बसवले, आणि १९१३ मध्यें सारें घर सरकारला देऊन टाकलें. अशी खरेदी इतिहासांत विरळाच.

विलांद्रीचा ग्राहक फनायइतका श्रीमंत नव्हता, पण त्याच्याहून हट्टी होता. होआकिन कार्वाल्यो हा स्पॅनिश डॉक्टर पॅरिसमध्यें शार्ल रिशे यांच्या हाताखालीं शरीरक्रियाशास्त्राचें संशोधन करी. (रिशे यांना १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.) त्याच प्रयोगशाळेंत पेन्सिल्व्हानियांतील लोखंडाच्या कारखानदारांच्या घराण्यांतली ॲन कोलमन काम करीत होती. दोघांचा विवाह झाला, आणि १९०६ मध्यें त्यांनीं विलांद्री खरेदी केलें. पैका बव्हंशीं पत्नीचा, ध्यास पतीचा. कार्वाल्योनें प्रयोगशाळा सोडली ती कायमची.

त्यानें अठराव्या शतकांतील भर काढून टाकली, दगडी चौकटीच्या जुन्या खिडक्या पुन्हा बसवल्या, बुजलेला खंदक मोकळा केला. तोलेदो प्रांतांतील माकेदा येथल्या मोडलेल्या राजवाड्याचें मूरिश घाटणीचें लांकडी छत हजारों तुकड्यांनीं आणून त्यानें एका दालनांत जुळवून घेतलें. आपलें स्पॅनिश चित्रांचें भांडार त्यानें याच घरांत मांडलें. मग बाग. इंग्रजी उद्यानाचीं झाडें तोडून त्यानें तीन पायऱ्यांची बाग आंखली: वर पाण्याचें तळें, मध्यें बुटक्या कुंपणांच्या आकृतींची शोभेची बाग, आणि खालीं भाजीपाल्याचे नऊ चौरस, प्रत्येकाची नक्षी निराळी. निळसर कोबी, तांबडें बीट, गाजरें, भोपळे हेच तेथले रंग. वसंतांत एकदां आणि उन्हाळ्यांत एकदां, अशी वर्षांतून दोनदां लागवड होते.

येथें एक प्रश्न अडवतो. ल ब्रतोंच्या बागेचा नेमका नकाशा कार्वाल्योच्या हातीं नव्हता. त्यानें सोळाव्या शतकांतील द्यु सेर्सो याच्या चित्रसंग्रहांवरून आणि जमिनींत उरलेल्या खुणांवरून अंदाज बांधला. म्हणजे पर्यटक ज्या बागेला जुनी समजतो ती विसाव्या शतकाची आहे, आणि तिच्यासाठीं जी इंग्रजी बाग तोडली गेली ती मात्र खरोखर जुनी होती. याला जीर्णोद्धार म्हणावें काय? कांटेकोर इतिहासकार नाहीं म्हणेल, आणि त्याचें चुकणार नाहीं. परंतु त्याचें बोलणें ऐकावयास तें घरच शिल्लक नसतें, हेंहि तितकेंच खरें. घराचें एकच वय खरें मानून इतर वयें पुसणें हा अन्याय आहे. तरी पडकें खरें घर आणि उभें अर्धें कल्पिलेलें घर यांत निवड करणें प्राप्त असतां कार्वाल्योनें केली तीच निवड शहाणपणाची ठरते. इमारतीची चूक पुढील पिढी सुधारूं शकते, ढिगाऱ्याची नाहीं.

त्याचें दुसरें काम याहून दूरगामी झालें. पहिल्या महायुद्धानंतर त्यानें वाड्याचीं दारें तिकीट लावून लोकांस उघडीं केलीं, आणि १९२४ मध्यें ऐतिहासिक घरांच्या मालकांची ‘ला दमर इस्तोरिक’ ही संस्था स्थापिली. खानदानी मालकांना हें प्रथम कमीपणाचें वाटलें तर नवल नाहीं. बैठकीच्या खोलींतून अनोळखी माणसें तिकीट घेऊन हिंडणार! पण हिशेब निर्दय असतो. १९३६ मध्यें तो वारला तेव्हां विलांद्री सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या यादींत होतें.

योगायोग असा कीं त्याच १९३६ सालीं फ्रान्समध्यें मजुरांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. युद्धानंतर शहरांतला कुटुंबवत्सल माणूस स्वस्त मुक्कामाच्या शोधांत खेड्याकडे वळूं लागला, तर खेडुत शहराकडे निघाले होते आणि त्यांचीं घरें रिकामीं पडत होतीं. एमील ओबेर या लोकप्रतिनिधीच्या पुढाकारानें १९५१ मध्यें आल्प्सच्या दक्षिण भागांत शोदोल येथें पहिलें ‘झीत’, म्हणजे भाड्याचें पाहुणेघर, उघडलें. १९५५ मध्यें अशा घरांचा देशव्यापी संघ झाला. मोठ्या वाड्यांच्या मालकांना मग आपले तबेले आठवले. जेथें घोडे बांधीत तेथें आतां पॅरिसचें किंवा लंडनचें कुटुंब आठवडाभर उतरतें. भट्टीघरांत स्नानगृह येतें, कबुतरखान्यांत निजावयाची खोली.

जाहिरातींतलीं छोटीं घरें तीं हीं. विलांद्री अद्यापि कार्वाल्यो घराण्याकडेच आहे. कारभार पणतू पाहतो. तेथें हजाराहून अधिक लिंडेनचीं झाडें आहेत, आणि दर हिवाळ्यांत माळी तीं एकेक करून छाटतात.