वाणाची ओळख आणि वाणाचा हक्क : प्रस्तावना

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली आहे. इथली भातखाचरे झपाट्याने इमारतींखाली गेली, तरी पावसाच्या तोंडावर बदलापूरची जांभळे अजून टोपल्यांतून बाजारात येतात. इथून लोहमार्गाने वांगणी, नेरळ मागे टाकून पुढे गेले की कर्जत लागते. तिथल्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रातून ‘कर्जत’ मालिकेतील भाताचे वाण आणि ‘सह्याद्री’ हे संकरित भात कोकणातल्या शेतांत पोचले. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी जपलेले फळझाड, दुसऱ्या बाजूला शास्त्रज्ञांनी घडवलेले भाताचे वाण. या दोहोंना जोडणारा जो अभ्यास आहे, त्यात वाचकाचे स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना.

या अभ्यासाचे मूळ प्रश्न दोनच आहेत. समोरची दोन रोपे एकाच वाणाची की वेगळ्या वाणांची, हा पहिला. वेगळी असतील तर त्या नव्या वाणावर हक्क कोणाचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत बरेचसे मिळते. दुसऱ्याचे तिथे मिळत नाही. मात्र प्रयोगशाळेच्या मदतीशिवाय ते आता पुरेही होत नाही. हा फरक सुरुवातीलाच मनात पक्का केला, तर पुढची सगळी तांत्रिक माहिती आपापल्या जागी बसते.

आधी कायद्याची बाजू पाहू. नव्या वाणांच्या संरक्षणासाठी १९६१ मध्ये पॅरिसमध्ये ‘यूपोव्ह’ हा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात सामील झाला नाही. आपण २००१ मध्ये पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला आणि पैदासकार व शेतकरी या दोघांनाही त्यात स्थान दिले. नवा वाण नोंदवायचा तर तो आधीच्या सर्व ज्ञात वाणांहून वेगळा, आपल्यात एकसारखा आणि पिढ्या उलटल्या तरी स्थिर असावा लागतो. हंगामी पिकांना १५ वर्षे आणि झाडे व वेलींना १८ वर्षे संरक्षण मिळते. त्याच वेळी शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क कायम आहे. ते नाममुद्रा लावलेले बियाणे म्हणून विकू नये, एवढीच अट. शेतकरी स्वतः निवडलेला वाणही नोंदवू शकतो आणि त्यासाठी त्याला शुल्क पडत नाही.

वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता यांची परीक्षा आजही शेतातच होते. भातासाठी ६२ लक्षणांची यादी आहे: पानाच्या आवरणाचा रंग, पानाच्या बुडाशी असलेली जिभली, फुलोऱ्याचा दिवस, लोंबीची ठेवण, कुसळ, दाण्याची लांबी-रुंदी आणि अशी कितीतरी. ही नोंद घेणाऱ्याची नजर तयार व्हायला अनेक हंगाम जातात आणि त्या नजरेला पर्याय नाही. पण लक्षणे पाऊस, खत, जमीन यांनुसार बदलतात. शिवाय नोंदलेल्या वाणांची संख्या वाढत गेली की नव्याची तुलना सगळ्यांशी शेतात करणे अशक्य होते. डीएनए खुणांची गरज इथून सुरू होते.

भाताच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. त्यांच्या एका संचात डीएनएची सुमारे ४० कोटी अक्षरे भरतात; ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांतून सगळा मजकूर बनतो. आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने तो २००५ मध्ये वाचून प्रसिद्ध केला आणि त्यात भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा होता. या मजकुरात ठिकठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. समजा, एका जागी ‘जीए’ हा तुकडा एका वाणात १२ वेळा आहे आणि दुसऱ्यात १७ वेळा. म्हणजे त्या जागेच्या लांबीत १० अक्षरांचा फरक पडला; अशी जागा हीच डीएनए खूण. पाऊस कमी झाला किंवा युरिया जास्त पडला, म्हणून हा फरक बदलत नाही. १९८४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर इथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी माणसाची ओळख पटवण्याची जी पद्धत शोधली, तिचा पायाही अशाच पुनरावृत्तींच्या फरकावर उभा होता.

हा फरक डोळ्यांना कसा दिसतो? कोवळे पान द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटतात, सीटॅब नावाच्या द्रावणात ६५ अंश तापमानाला ठेवतात आणि क्लोरोफॉर्मने प्रथिने बाजूला काढतात. मग थंड अल्कोहोल ओतले की नळीत पांढरे तंतू तरंगू लागतात. विद्यार्थ्याची डीएनएशी ही पहिली भेट. जांभळाच्या पानात टॅनिन भरपूर, त्यामुळे अर्क लगेच तपकिरी पडतो आणि पुढची प्रक्रिया अडते. म्हणून द्रावणात पीव्हीपी घालावे लागते आणि पान जितके कोवळे तितके बरे. नंतर पीसीआर यंत्रात हव्या त्या जागेच्या प्रती काढतात. दर फेरीला प्रती दुप्पट होत जातात, म्हणून ३० फेऱ्यांत एका प्रतीपासून तत्त्वतः १०० कोटींहून अधिक होतात. शेवटी विजेच्या दाबाखाली हे तुकडे जेलमधून धावतात. आखूड तुकडा पुढे जातो, लांब तुकडा मागे राहतो, आणि दोन वाणांचे पट्टे दोन वेगळ्या उंचीवर उमटतात.

भाताच्या प्रत्येक गुणसूत्रावरची एक, अशा १२ खुणा घेतल्या आणि प्रत्येकीची चार रूपे धरली, तर शुद्ध वाणांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक जुळण्या संभवतात. हा आकडा मोठा असला तरी त्यावर विसंबून चालत नाही. एकाच आईबापांपासून निघालेले वाण पुष्कळ खुणा वाटून घेतात. किती खुणा पुरेशा आहेत, हे त्या वाणांचे आपसातले नाते किती जवळचे, यावर ठरते.

खुणेचा सर्वांत सरळ उपयोग संकरित बियाण्यात दिसतो. आईच्या वाणाचा पट्टा वर आणि बापाच्या वाणाचा खाली असेल, तर खऱ्या संकरित रोपात दोन्ही पट्टे एकत्र उमटतात. एकच पट्टा आला, तर ते रोप संकरित नाही. पूर्वी ही शुद्धता तपासायला बियाणे शेतात लावून पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत थांबावे लागे. आता अंकुराच्या पानावरून काही दिवसांत निकाल येतो. ‘सह्याद्री’सारख्या संकरित भाताचे बी दर वर्षी नव्याने तयार करावे लागते. पिशवीत भेसळ निघाली तर शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो, हे लक्षात घेतले की या तपासणीची किंमत कळते.

आता मर्यादा. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांनी त्या फार चांगल्या दाखवल्या आहेत. तासगावकडचे तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजचे सोनाका आणि माणिक चमन हे वाण बागायतदारांनीच थॉमसन सीडलेसच्या वेलींतून हेरून काढले. मण्याची लांबी, रंग, घडाची ठेवण यांत बागायतदाराला फरक स्पष्ट दिसतो आणि बाजारात भावही वेगळा मिळतो. पण असा वाण एखाद्या फांदीत झालेल्या अगदी लहान बदलातून येतो. बाकीचा सगळा मजकूर मूळ वेलीचाच राहतो. त्यामुळे नेहमीच्या खुणा मूळ वेल आणि तिच्यातून निघालेला वाण यांत फरक दाखवायला बहुधा अपुऱ्या पडतात. उलटही घडते: शेतात सारखे दिसणारे दोन वाण जेलवर वेगळे निघतात. म्हणूनच यूपोव्हच्या मार्गदर्शनातही डीएनए खुणांना शेतातल्या परीक्षेच्या जोडीने जागा आहे. एखाद्या लक्षणाशी घट्ट बांधलेली खूण त्या लक्षणाच्या बदली चालू शकते. जुन्या वाणांच्या संग्रहातून कोणते नव्याशेजारी लावून पाहायचे, हेही खुणांवरून निवडता येते. फक्त पट्टा वेगळा आला म्हणून वाण वेगळा ठरवणे मात्र मान्य नाही.

हक्काचा प्रश्न तर याहून खोल आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी, अवघी दीड एकर जमीन असलेल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ भाताच्या शेतात काही वेगळी लोंबे दिसली. ती त्यांनी बाजूला काढली, हंगामामागून हंगाम लावून पाहिली आणि त्यातून ‘एचएमटी’ हा तांदूळ निघाला. तो अनेक राज्यांत पसरला. पुढे १९९८ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्याची शुद्ध निवड ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने प्रसारित केली आणि मूळ शोधकाच्या श्रेयाचा वाद उभा राहिला. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. इथे डीएनए खुणांनी काय साधले असते? दोन तांदळांचे नाते किती जवळचे, हे त्यांनी सांगितले असते. आधी कोणी निवडले, हे त्यांना कधीच सांगता येत नाही. त्यासाठी वर्ष, शेत, शेतकऱ्याचे नाव आणि त्या वेळी जपून ठेवलेला नमुना लागतो. जमिनीला सातबारा तशी वाणाला ही नोंद. ती हाती असेल, तर खूण तिच्या पाठीशी भक्कम पुरावा म्हणून उभी राहते. नोंदच नसेल, तर उत्तमातले उत्तम जेलही शोधकाच्या कामी येत नाही. १९८३ मध्ये असा कायदा नव्हता. आज आहे, म्हणून आपली जबाबदारी वाढली आहे.

बदलापूरच्या जांभळाकडे याच नजरेने पाहावे. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते मानांकन प्रदेशाच्या नावाचे आणि तिथल्या उत्पादकांचे रक्षण करते. कोणत्याही एका वाणाचे नव्हे. बियांपासून वाढलेल्या झाडांत एकसारखेपणाची खात्री नसते, आणि नावाजलेले झाड तोडले गेले की त्याचे गुण त्याच्याबरोबर जातात. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील बहाडोलीच्या जांभळांतून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ हा वाण निवडला, म्हणजे वाट माहीत नाही असे नाही. उत्तम फळ देणारी झाडे गावकऱ्यांकडून विचारून घ्यावीत, प्रत्येकाची जागा आणि मालक नोंदवावा, पानांवरून डीएनए ठसा घ्यावा, त्यांची कलमे करावीत आणि रोपवाटिकेतले कलम खरोखर त्याच झाडाचे आहे ना, हे त्या ठशाशी ताडून पाहावे. यातल्या कुठल्याही पायरीसाठी गावात प्रयोगशाळा लागत नाही. पानाचे नमुने सिलिका जेलमध्ये वाळवून दूर पाठवता येतात.

तंत्र पुढे जातच राहील. एकेका अक्षराचा फरक हजारो जागी एकदम वाचणाऱ्या चाचण्या आल्या आहेत आणि संपूर्ण मजकूर वाचण्याचा खर्च उतरतो आहे. द्राक्षासारखी कोडी त्यातून सुटू लागतील. पण नमुन्याच्या पाकिटावर काय लिहिले आहे, याला असलेले महत्त्व कमी होणार नाही. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे एवढेच: पिपेट हातात घेण्याआधी शेतात जा. झाडाचे स्थानिक नाव, ते जपणाऱ्या बाईचे किंवा बाप्याचे नाव, तारीख आणि जागा त्यांच्या परवानगीने, त्यांच्यासमोर लिहा. कर्जतच्या भाताचा अभ्यास असो, नान्नजच्या वेलीचा असो, की बदलापूरच्या जांभळाचा, त्या चार ओळींवरच तुमच्या प्रत्येक पट्ट्याचा अर्थ आणि कोणाचा तरी हक्क अवलंबून आहे. या कामाला माणसे कमी आहेत आणि झाडे तर आणखी कमी होत चालली आहेत. तुम्ही यात आलात याचा मनापासून आनंद आहे.

चिखलोली, अंबरनाथ