गंधकाला जागेवर धरायचं कसं?

तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत बहुधा कोबाल्ट आहे. गंधक का नाही? गंधक स्वस्त आहे, मुबलक आहे. त्याची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे १६७५ मिलिअँपिअर-तास. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड प्रत्यक्षात साधारण १४० देतं. एक मोठी अडचण: बॅटरी वापरताना गंधकाची संयुगं इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळतात, कॅथोड झिजत जातो.

१९८०च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला स्टीव्हन व्हिस्को आणि डी जोंग यांनी सेंद्रिय डायसल्फाइड वापरून पाहिले. डिस्चार्जला गंधक-गंधक बंध तुटतो, चार्जिंगला पुन्हा जुळतो. कल्पना सुंदर, पण खोलीच्या तापमानाला क्रिया फारच मंद. १९९५मध्ये जपानच्या नोबोरु ओयामांच्या गटाने अशाच संयुगात पॉलिअॅनिलिन हा वीजवाहक पॉलिमर मिसळला. वेग वाढला, तुटलेले तुकडे मात्र विरघळायचेच.

२००२मध्ये चीनमधल्या जिउलिन वांग आणि सहकाऱ्यांनी गंधक पॉलिअॅक्रिलोनायट्राइलबरोबर तापवलं. आता गंधक पॉलिमरच्या कण्याला बांधलेलं, त्यामुळे विरघळणं खूपच कमी झालं. पण कण्याचंही वजन असतंच ना! ग्रॅममागची क्षमता घटली.

म्हणजे बघा, बंध तोडणं-जोडणं सुरुवातीलाच जमलं होतं. तुटलेला तुकडा कमीत कमी वजनात जागेवर कसा ठेवायचा, हा प्रश्न आजही आमच्या टेबलावर आहे.