मनरोव्हिलच्या कोर्टाची गॅलरी

जिना चढून थेट वर चला. खालच्या बाकांवर तुम्हाला जागा नाही. साल १९३४, गाव अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मनरोव्हिल, आणि तुम्ही काळे आहात.

कठड्याला रेलून खाली बघा. मनरो काउंटीचं हे कोर्ट १९०३ सालचं. दालन चक्क लंबगोल, छताला नक्षी उठवलेला पत्रा. आरोपी वॉल्टर लेट, काळा मजूर. आरोप गोऱ्या बाईवर बलात्काराचा. ज्यूरीत बाराही गोरे पुरुष. निकाल काय लागणार, हे गॅलरीत कुणालाच सांगावं लागत नाही. देहान्ताची शिक्षा पुढे जन्मठेपेवर येईल, पण १९३७ मध्ये लेट क्षयानं जाईल.

वकिलांत कादंबरीतला ॲटिकस फिंच शोधू नका. ज्यांच्यावरून तो घडला, त्या ए. सी. ली यांनी १९१९ मध्ये खुनाच्या खटल्यात काळ्या बापलेकांचं वकीलपत्र घेतलं होतं. दोघंही फासावर गेले. लीसाहेबांची धाकटी नेल आत्ता सात वर्षांची आहे. जग तिला हार्पर ली म्हणून ओळखेल.

आता १९६१ मध्ये या. तिच्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ कादंबरीला यंदा पुलित्झर मिळालंय आणि तिच्यावरच्या सिनेमासाठी हॉलिवूडचा कलादिग्दर्शक हेन्री बमस्टेड दालनाची मापं घेतोय. न्यायाधीशांचं आसन, कठडा, ही गॅलरी, सगळं उतरवून तो कॅलिफोर्नियात दुसरं कोर्ट उभं करेल. ॲटिकस झालेला ग्रेगरी पेक बाजू मांडेल ती त्या नकलेत; ऑस्कर पेकलाही आणि सेटलाही. अस्सल कोर्टाचा कारभार १९६३ मध्ये नव्या इमारतीत गेला. ही वास्तू पुढे संग्रहालय झाली. माझ्या मते ती नकलेच्याच पुण्याईवर तगली.

आणखी तीसेक वर्षं पुढे. वसंतातली संध्याकाळ, कादंबरीवरचं नाटक, गावातलेच नट. पहिला अंक बाहेर हिरवळीवर संपतो आणि खटल्यासाठी प्रेक्षकांतूनच ज्यूरी निवडली जाते. यावेळी तुम्हाला खाली बसायला मिळतं. कादंबरीतला काळा आरोपी टॉम रॉबिन्सन निर्दोष आहे हे पक्कं ठाऊक असूनही त्याला दोषी ठरवायचं, संहिताच तशी. पर्यटक डोळे पुसतात. याच काउंटीतला वॉल्टर मॅकमिलियन तेव्हा न केलेल्या खुनासाठी देहान्ताच्या कोठडीत होता. तो सुटला १९९३ मध्ये.